आता बास

लोणावळा स्टेशनबाहेर मुंबई विमानतळाची गाडी आली, तेव्हा आईने माझी बॅग उचलून आत ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढे गावातून निघाल्यापासून ती एवढंच बोलली होती, "तुज्या बापाला बाटलीनं नेलं, आन तू बाटल्याच धराया दुबईला चाललीस?"

लोणावळ्याच्या रिसॉर्टवर मी आधी रिसेप्शनला होते. मग बारवर गेले, कारण ते काम मला जमत होतं आणि आवडत होतं. वडील दारूने गेले म्हणून मी ते सोडावं, हे मला पटत नव्हतं.

दुबईतल्या हॉटेलच्या बारवर मी सगळ्यात जास्त बनवते ते कॉकटेल म्हणजे व्हिस्की सावर. व्हिस्की, ताज्या लिंबाचा रस, साखरेचा पाक, अंड्यातलं पांढरं. आधी बर्फाशिवाय शेक करायचं, मग बर्फ घालून. वर फेस साईसारखा बसला पाहिजे. मी पीत नाही. स्ट्रॉचं टोक जिभेला लावून आंबट-गोड बघते, तेवढंच.

एका संध्याकाळी आमचे नेहमीचे गेस्ट, पुण्याकडचेच एक कॉन्ट्रॅक्टर, आणखी एक सावर मागत होते. जीभ जड झालेली, हातात गाडीची किल्ली. मी समोर पाणी ठेवलं.

"सर, आता बास. टॅक्सी बोलावते."

ते ओरडायला लागले. मॅनेजर धावत आला आणि मला हळूच म्हणाला, "दे दो ना, बड़े गेस्ट हैं."

"मैं नहीं दूँगी. आपको देना है तो अंदर आके खुद बनाओ."

नोकरी गेली तर व्हिसाही जाणार होता. मॅनेजरने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टॅक्सी मागवली.

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर हे सांगितलं. तिने विचारलं,

"ऐकलं त्या गिऱ्हाइकानं?"

"ऐकावंच लागलं."

"मला न्हाई जमलं गं कदी," ती म्हणाली. "बरं केलंस."

पुढच्या सुट्टीत घरी गेले. पोरगी तिकडं काय करती, असं शेजारच्या मावशींनी आईला विचारलं. आजवर आई "हाटेलात हाय" म्हणून विषय बदलायची. त्या दिवशी अंगणातूनच म्हणाली, "बारवर हाय. कुनी किती प्यायची, ते तीच ठरवती."

गावी राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघेही मला विचारतात, परत कधी येणार? येईन, पण बारटेंडर म्हणूनच येईन. माझी खोली दुबईत आहे. घर औंढ्यालाच, तिथे आता माझं काम मोठ्याने सांगितलं जातं.