डाळिंबाच्या पानांचे मोर

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो माझ्या शाळेतल्या माने बाईंमुळे. दहावीनंतर कॉलेजात नाव घालायला त्या मला स्वतः एसटीने बारामतीला घेऊन गेल्या होत्या. आता मी अंथुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर तिसरीला शिकवतो. बाई जळोचीला असतात. त्यांना अजून पत्राने खुशाली कळवतो. त्या शनिवारी मात्र कळवावं असं काही नव्हतं. माझ्या वर्गातल्या अनुजाचे आजोबा, बबनतात्या, तिचं चित्र हातात घेऊन शाळेच्या दारात उभे होते.

"सर, ही पानं कुणी आणायला सांगितली?"

"मीच. का हो?"

"किती पोरांनी चित्रं घरी नेली?"

"अकरा जणांनी."

तात्या पायरीवर बसले.

झालं होतं असं. मोबाइलवर आलेल्या एका वर्कशीटमध्ये शरद ऋतूतली गळलेली पानं चिकटवून चित्रं करायची होती. फोटोत लाल-पिवळी पानं. आपल्याकडे या दिवसांत सगळीकडे हिरवा ऊस. मी वर्गात तसं म्हणालो, तर अनुजा उठली. "सर, आमच्या बागेत पानगळ झालीय की."

खरंच होतं. डाळिंबाचा बहर धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात, मग औषध फवारून पानं गळवतात. म्हणजे आमच्याकडे शेतकरी ठरवेल तेव्हा पानगळ! मला फार नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी अनुजाने पिशवीभर पिवळी पडलेली पानं आणली. काहींवर काळे ठिपके होते, भोवती गडद कडं. मुलं ओरडली, "मोराच्या पिसावरचे डोळे!" मी म्हणालो, "मग ठिपक्यांचीच निवडा." वर्गभर पानांचे मोर झाले.

तात्यांनी त्यातलंच एक पान उन्हात धरलं. ठिपका तेल लागल्यासारखा दिसला.

"ह्यो तेल्या. डाळिंबाचा रोग. खाली पडलेला पाला आमी गोळा करून जाळतो, अन् तुमी त्याचं मोर करून घरोघर वाटलं! निम्म्या वस्तीत बागा हायती. अन् फवारलेली पानं ती. पोरांचं हात धुवा आधी."

हात साबणाने धुतले. वर्गात उरलेली चित्रं पोत्यात भरली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्ग मी बघते. तुम्ही निघा."

बाइकवर मागे तात्या, त्यांच्या मांडीवर पोतं. दुपारपर्यंत दहा मोर परत मिळाले. अकरावा सईच्या घरी होता. तिचे वडील दत्तूभाऊ ऐकून भडकले.

"व्वा तात्या! तुमच्या बागेतला रोग आता आमच्याकडं पाठवताय व्हय? अन् सर, तुमी पोस्टमन!"

मी मान खाली घातली. भिंतीवरचा मोर काढून तात्या एकेक पान निरखू लागले. एका पानावर थांबले.

"दत्तू, माझ्या बागेतली पानं पिवळी. हे हिरवं कुठलं?"

सई दाराआडून म्हणाली, "मला एक डोळा कमी पडला. मग दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना आपल्या बांधाकडच्या झाडाचं तोडलं."

तात्यांनी ते पान दत्तूभाऊंच्या समोर उन्हात धरलं. दत्तूभाऊ बागेकडे पळाले. बांधालगतच्या चार झाडांवर तेच ठिपके होते, आणि सईने तर पान मुलांची चित्रं घरी जाण्याआधीच तोडलेलं. म्हणजे रोग तिथे आधीपासूनच होता. चपला घालत तात्या म्हणाले, "चल, कात्री घे. कुठनं छाटायचं ते दावतो."

बाधित फांद्या आणि पोत्यातले सगळे मोर एकाच खड्ड्यात जाळले. तीन आठवडे झाले, दत्तूभाऊंच्या बाकीच्या झाडांवर ठिपका नाही.

मग बाईंना लिहिलं:

"आदरणीय बाई, सा. न.

मुलांना मी सुंदर पान निवडायला शिकवलं, पण ते असं का दिसतं हे स्वतःला विचारलं नाही. एक बाग वाचली ती सईमुळे, माझ्यामुळे नव्हे. आता वर्गात प्रत्येक पानाखाली ते कोणाच्या झाडाचं आणि पडलेलं की तोडलेलं, हे लिहायचा नियम केला आहे. सोबत मुलांनी पाठवलेलं पिंपळाचं पान आहे. शाळेच्या आवारातलं, पडलेलं. निर्धास्त हातात घ्या.

आपला विद्यार्थी"