लेकीनं विचारलं होतं

माझी लेक इंग्लंडात राज्यशास्त्र शिकते. ती तिथं माझ्यामुळं गेली असं घरात कुणी म्हणत नाही. मला मात्र तसंच वाटतं. बोलून सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात ती पुण्याहून हिर्डोशीला घरी आली होती. दोन परदेशी कॉलेजांनी तिला पुढच्या शिक्षणाला घेतलं होतं, दोन्हीकडं शिष्यवृत्ती. एक जर्मनीतलं, लहान गावातलं, दोन वर्षांचं. दुसरं इंग्लंडातलं, एका वर्षाचं, मोठ्या नावाचं. कुठं येणार ते आठ दिवसांत कळवायचं होतं.

आम्ही दोघी राब अंथरत होतो. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला, शेण पसरून भाजतात, ते काम. ती बोलत होती.

"जर्मनीत एक बाई आहेत, आई. त्या गावच्या कारभारावरच शिकवतात. ग्रामसभेत कोण बोलतं, कोण गप्प बसतं, का गप्प बसतं."

"गप बसनाऱ्याचं काय शिकायचं?"

"तुझ्यावर तर आख्खं पुस्तक होईल. रजिस्टरवर सही केली की निघालीस घरी."

हसलो दोघी. खोटं नव्हतं. महिलांच्या ग्रामसभेत मी दाराशी बसते आणि चहा आला की उठते.

मग तिनं इंग्लंडचं सांगितलं. वर्षात मोकळी, नाव मोठं, नोकरी लवकर. सांगता सांगता तिनं निम्मा वाफा भरला. त्या बाईंचं सांगताना मात्र पाल्याचा भारा कवेत धरून ती नुसती उभी होती. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण एवढं मला कळलं.

"सांग ना, कुठं जाऊ?"

"मला काय कळतंय त्यातलं? बाबांना इचार."

"विचारलं. ते म्हणतात, जाशील तिथं नीट राहा. आता तू सांग."

जर्मनी, एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. तिकडं काही वाईट झालं तर अडाणी आईनं पाठवलं असं होईल, ही भीती. त्यापेक्षा देवीनं सांगावं, असं मनात आलं.

आमच्याकडं मोठं काही ठरवायचं असलं की देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न मोठ्यानं बोलतो. कुठली कळी आधी पडते त्यावर उत्तर. मंगळवारी एकटीच गेले. उजवी पडली तर जर्मनी, डावी पडली तर इंग्लंड, असं वाटेत घोकत गेले.

"काय इचारायचं, वैनी?" गुरवानं विचारलं.

मागं पाचसहा बाया होत्या, त्यात माझी जाऊही. मी पदर चाळवत राहिले.

"बोला की. देवीला घाई न्हाई, पर मागं रांग लागलीया."

बाया हसल्या. एवढ्या जणींत जर्मनीचं नाव काढलं तर म्हणतील, हिला लई मोठेपणा आला. तोंडातून निघून गेलं, "पोरीच्या लग्नाचं."

गुरवानं तेच मोठ्यानं विचारलं. उजवी कळी पडली. "उजवा दिला! यंदा बार उडवून टाका, वैनी."

"माझा भाचा कंपनीत पर्मनंट हाय बरं का," मागून एक जण म्हणाली.

मी पाया पडून निघाले. देवीपुढं उभी राहून माझा प्रश्न मनातल्या मनातसुद्धा विचारायचा राहिला, हे पायऱ्या उतरल्यावर ध्यानात आलं. लगेच घरी जाववेना. ओढ्याकाठी बसून राहिले. तेवढ्यात जाऊ माझ्या आधी घरी पोचली.

लेक उंबऱ्यात उभी होती. "लग्नाचा कौल लावलास? माझ्या?"

"आगं, लाजतीस काय, उजवा दिलाय!" जाऊ म्हणाली.

"आई, मी तुला काय विचारलं होतं?"

"तसं न्हाई ते..." एवढंच बोलले. जावेसमोर सांगायचं, तर देवीपुढं खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं. लेक माझ्या तोंडाकडं बघत थांबली.

"मग वर्षाचंच बरं," ती म्हणाली. "शिकते आणि नोकरी धरते. दोन वर्षं तुम्हाला कुठं दम निघणार?"

मोबाईलला रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीजवळ मिळते. इंग्लंडला कळवायला ती तिकडं निघाली. मी मागोमाग अर्ध्या चढापर्यंत गेले. पाठमोरी उभी होती, हातात मोबाईल. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी परत फिरले.

आता ती दर रविवारी फोन करते, मी टाकीजवळ जाऊन बसते. तिच्या विषयाचं तिथं कुणी नाही. दुसऱ्याच देशाच्या निवडणुकांवर लिहायला घेतलंय. भात झोडून झाल्यावर एका रविवारी मी धीर केला आणि कौलाचं सगळं सांगितलं. मला जर्मनी म्हणायचं होतं, तेही.

ती आधी हसली. "देवीलासुद्धा गंडवलंस!" मग हसू थांबलं. "मला वाटलं, मी शिकायला जाऊच नये असं तुला वाटतंय. विमानात बसेपर्यंत तेच डोक्यात होतं."

जर्मनीला परत अर्ज करता येतो का, विचारलं.

"आपणच नको म्हटल्यावर ती शिष्यवृत्ती परत देत नाहीत, आई," ती म्हणाली, आणि म्हैस व्याली का ते विचारू लागली.