अर्ज मागे घेण्याचा दिवस

बरीच प्रकरणं दप्तरी दाखल झाली की मनातूनही जातात. अकोल्यातल्या त्या बेपत्ता बाईचं प्रकरण मात्र माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. शेवटी साधा गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. तरी माझ्या सबंध नोकरीत ज्या माणसांपुढे मी मनातल्या मनात टोपी काढली, त्यांत ती बाई आहे.

महापालिकेच्या निवडणुका बऱ्याच काळानं लागल्या होत्या. मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. निवडणूक लागली की ठाण्याचं रोजचं काम बदलतं. परवान्याची शस्त्रं जमा करून घ्यायची, जुन्या भांडखोरांना नोटिसा द्यायच्या, भोंग्यांचे परवाने तपासायचे, फलक फाडल्याच्या तक्रारी ऐकायच्या. सभेचे श्रोते बदलतात, बंदोबस्त तोच राहतो, त्यामुळे सगळ्यांची आश्वासनं आम्हाला तोंडपाठ होतात. कोणी चोवीस तास पाणी देणार होता, कोणी मोर्णा नदीत बोटी सोडणार होता, कोणी भाजीबाजारावर काचेचं छत घालणार होता. नळाची वाट पाहत पिंपं भरून ठेवणारे लोक बोटींसाठीही टाळ्या वाजवत होते.

या गर्दीत एक अपक्ष बाई होती. चाळिशीतली, भाजीबाजारात नवऱ्यासोबत दुकान लावणारी. शहराबाहेर त्यांच्या एकत्र कुटुंबाचा भाजीचा मळा होता. जागा सर्वसाधारण होती, म्हणजे तिच्यासमोर सगळे पुरुषच. एक माजी नगरसेवक, एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आणि बाकी किरकोळ. तिच्या पत्रकावर एकच ओळ होती: भाजीबाजारात बायकांसाठी पाणी आणि आतून कडी असलेलं संडास-बाथरूम बांधून घेईन. बस. माझा हवालदार पत्रक उलटंपालटं करून म्हणाला, "साहेब, एवढ्यावर कोणी निवडणूक लढते का?"

अर्ज मागे घेण्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा नवरा, तिचे भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि त्यांच्यामागे चांगला मोठा जमाव ठाण्यात आला. बाई काल सायंकाळी देवळात जाते म्हणून गेली ती परतलीच नव्हती.

"तिले गुत्तेदारानं उचललं," भासरे म्हणाले. "अपहरणाचा गुन्हा नोंदवा, नाहीतर आमी रस्त्यावर बसतो."

जमावातून गुत्तेदाराच्या नावानं घोषणा सुरू झाल्या. निवडणुकीत असा जमाव दुपारपर्यंत दुप्पट होतो आणि संध्याकाळी दगड हातात घेतो. मी दोन माणसं गुत्तेदाराच्या घरापाशी उभी केली, बेपत्ता म्हणून नोंद घेतली, वर्णन सगळीकडे कळवलं. बाई फोन घरीच ठेवून गेली होती. महिला हवालदाराला मी तिच्या घरी पाठवलं. तासाभरात ती परत आली.

"साहेब, दोन लुगडी नाहीत, चष्मा नाही आणि रक्तदाबाच्या गोळ्या नाहीत," ती म्हणाली. "उचलून नेलेली बाई गोळ्या घेऊन जात नाही."

गुत्तेदाराला बोलावलं. तो शांतपणे आला, खुर्चीवर बसला आणि त्यानं मलाच विचारलं, "साहेब, तिले उचलून मले काय भेटते? बाजारातली मतं पहिलेपासून माजी नगरसेवकाची. ही उभी राहिली तं त्याचीच मतं फुटतात. ती उभी राहावी म्हणून मी तं नवस करीन."

यात खोटं काही नव्हतं. मग मी नवऱ्याला आणि भासऱ्यांना वेगवेगळं बसवलं. चौकशीत माणूस काय उत्तर देतो याच्याइतकंच तो काय विचारतो याकडेही लक्ष द्यावं लागतं. नवरा गरीब स्वभावाचा होता. दर थोड्या वेळानं तो विचारत होता, "भेटली का, साहेब?" भासरे निराळंच विचारत होते. "उद्या तीन वाजेच्या आत भेटन ना?"

तीन वाजता अर्ज मागे घ्यायची मुदत संपत होती. तिच्या सहीशिवाय अर्ज मागे घेता येत नव्हता. घरातली बाई हरवली की माणसाला ती हवी असते, कधीही. याला ती तीनच्या आत हवी होती. मी त्यांना तसं बोललो नाही. फक्त त्यांच्या जबाबाच्या वेळी जरा जास्त वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी पाणी मागितलं.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "ती सुखरूप हाये. विहिरी-नाल्यात शोधू नोका," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. ठाणे अंमलदार कानाचा पक्का होता. त्यानं सांगितलं, "मागं हर्रासाची बोली चालू होती, साहेब." हर्रास म्हणजे आमच्याकडे भाजीचा लिलाव. मी गाडी न घेता, साध्या कपड्यांत बाजारात गेलो.

बाजारातल्या बायकांना एकेकीला विचारलं. प्रत्येकीचं उत्तर एकच, "आमाले काई माईत नाही, देवळात गेल्ती म्हणतात." ज्याला खरंच काही माहीत नसतं, तो आपल्या मनानं दहा गोष्टी सांगतो. सगळ्यांची उत्तरं शब्दाला शब्द जुळली, की समजावं, ठरवून आलंय.

शेवटी कांद्याच्या ढिगामागे बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "बस, बापू." मी पोत्यावर बसलो. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "पहिले मले एक सांग. तिले शोधून तू देशीन कोणाले?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. बेपत्ता व्यक्ती सापडली की नातेवाइकांच्या ताब्यात दिली, असं आम्ही हात न थांबवता लिहितो. पण सज्ञान बाई ही कोणाच्या ताब्यात द्यायची वस्तू नाही, हे कायद्यालाही माहीत आहे. आम्हीच कधी कधी विसरतो. मी म्हणालो, "कोणालाच नाही, मावशी. तिलाच विचारीन, आणि ती म्हणेल ते लिहून घेईन."

म्हातारीनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं मान हलवली. "कौंडण्यपूरले हाये," म्हातारी म्हणाली. "तिच्या मावशीकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदाराला घेऊन मी स्वतः निघालो. घरच्यांना ठिकाण सांगितलं नाही. अमरावती ओलांडून कौंडण्यपूरला पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. वर्धेच्या काठापासून थोडं आत मावशीचं घर होतं. बाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. आम्हाला पाहून घाबरली, पण उठून पळाली नाही. हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "न्यायले आले का, साहेब?"

"विचारायला आलोय," मी म्हणालो. "कोणी आणलं तुम्हाला इथं?"

"कोणी नाही आणलं. एसटीनं आली."

मग तिनं सांगितलं. माजी नगरसेवकानं भासऱ्यांना बाजाराच्या तोंडाशी गाळा मिळवून द्यायचं कबूल केलं होतं. मोबदला एकच, भावजयीनं अर्ज मागे घ्यायचा. भासऱ्यांनी घरात बैठक घेतली. सगळे हो म्हणाले. नवरा काही बोलला नाही.

"मले कोणी मारलं नाही, शिवी देल्ली नाही. खोटं काहून सांगू?" ती म्हणाली. "पण हो म्हणावं तं ज्या बायांनी माह्यासाठी अर्जाची धावपळ केली त्याईले तोंड कसं दाखवू? नाही म्हणावं तं घरात दोन चुली होतात. सासू म्हातारी हाये. मग म्हटलं, मी घरीच नसली तं? ना हो म्हणायचं काम, ना नाही म्हणायचं."

"इथंच का आलात?"

ती पहिल्यांदा हसली. "रुक्मिणीचं माहेर हाये, साहेब. तिच्याबी भावानं परस्पर ठरवलं होतं. तिनं कुठं त्याले इचारलं?"

महिला हवालदार लिहिता लिहिता थांबली आणि नदीकडे पाहू लागली. तिला हसू आवरत नव्हतं.

मी बाईला त्या एका ओळीबद्दल विचारलं. तेव्हा मात्र तिचा आवाज बदलला. बाजारातल्या बायका उजाडायच्या आधी मळ्यातून निघतात आणि दिवस मावळल्यावर घरी जातात. तोवर पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठं? गेल्या उन्हाळ्यात तिला मूतखडा झाला. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, पाणी भरपूर पीत जा. "मी तिथंच हसली. ते बिचारी म्हणे, काहून हसून राहिली? तिले काय सांगू?" मग माजी नगरसेवक बाजारात आला असताना हिनं त्याला उभं राहून विचारलं, बायकांच्या संडासाचं काय? तो म्हणाला, आधी छत होऊ दे, हे कुठं चारचौघांत बोलायचं असतं का? बाजूचे पुरुष हसले. त्या दिवशी बायकांनी ठरवलं, आता हे चारचौघांतच बोलायचं.

एवढ्यात माझा फोन वाजला. भासऱ्यांना कुठून तरी सुगावा लागला होता. "साहेब, बाई भेटली म्हणतात. ताबडतोब घेऊन या, घरी सासू रडून राहिली." त्यांच्यानंतर आणखी एक फोन आला, जरा वजनदार माणसाचा. मी दोघांना एकच सांगितलं, की बाई सुखरूप आहे, सज्ञान आहे आणि जबाब चालू आहे.

जबाबावर तिनं सही केली. वळणदार, पूर्ण नाव. मग विचारलं, "आजच्या आज वापस यायची माह्यावर जबरदस्ती हाये का?"

"अजिबात नाही."

"मग जेवून जाऊ. मावशीनं भरीत केलं."

आम्ही जेवलो. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वरून कच्चं तेल. नोकरीत बहुतेक जेवणं उभ्यानं आणि घाईनं झाली. त्या दिवशी घाई करायचं काही कारण नव्हतं. मावशी आणखी एक भाकर वाढायला आली तेव्हा मी नको म्हटलं नाही. मग बाईनं भांडी घासली, मावशीच्या पाया पडली आणि आपण होऊन गाडीत बसली.

अमरावती मागे टाकल्यावर तिनं विचारलं, "तीन वाजले का, साहेब?"

"वाजून गेले."

तिनं खिडकीकडे तोंड केलं.  महिला हवालदारानं तिच्या हातावर हात ठेवला.

ठाण्यात भासरे उभे होते. मी सगळ्यांसमोर तिचा जबाब वाचून दाखवला. गाळ्याचा उल्लेख आला तसा मागचा जमाव हळूहळू पांगला. गुत्तेदाराविरुद्ध काही तक्रार आहे का, असं मी विचारलं. भासरे नाही म्हणाले. बाईनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून नमस्कार केला. "भाऊजी, चुकलं असन तं घरी बोला. अर्ज मात्र आता राहिला," एवढंच ती म्हणाली.  ते पायात चप्पल सरकवून निघून गेले.

नवरा कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं विचारलं, "गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली," ती म्हणाली.

"मग चाल. चिन्ह घ्याले उद्या मी येतो संग."

प्रचारात मी तिच्या दोन-तीन कोपरासभांना बंदोबस्तावर होतो. नवरा हातगाडीवर भोंगा बांधून पुढे चालायचा. एका सभेत एकानं विचारलं, "रस्त्याचं काय? पाण्याचं काय?" ती म्हणाली, "सभागृहात इचारीन. पण होईनच असं कबूल नाही करत. मले एकच काम पक्कं माईत हाये."  असं उत्तर ऐकायची लोकांना सवय नव्हती. पण त्या आठवड्याभरात मी एक पाहिलं. माजी नगरसेवकाच्या नव्या पत्रकात काचेच्या छताखाली एक ओळ वाढली, बायकांच्या स्वच्छतागृहाची. मग गुत्तेदाराच्याही. जे चारचौघांत बोलायचं नसतं, ते भोंग्यावरून गल्लीगल्लीत ऐकू येऊ लागलं.

ती निवडून आली नाही. मतं फुटायची तशी फुटली आणि गुत्तेदार निवडून आला. निकालाच्या दिवशी तिच्याशी मला बोलता आलं नाही. पुढे ऐकलं, की बाजारातल्या बायका रोज दुपारी हर्रास आटोपला की गुत्तेदाराच्या कार्यालयासमोर जाऊन बसायच्या. घोषणा नाहीत, भांडण नाही. नुसतं बसायच्या आणि त्याचंच पत्रक मांडीवर ठेवायच्या. ती सगळ्यांत पुढे. अखेर काम झालं.

निवृत्तीनंतर एकदा मी बाजारात गेलो. बांधकाम साधं होतं, रंगही एकाच हाताचा. पण दाराला आतून कडी होती आणि वर पाण्याची टाकी. बाई नेहमीच्या जागी बसली होती, शेजारी पाण्यानं भरलेली बाटली. मी म्हणालो, "पडलात याचं वाईट वाटलं मला."

तिनं मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या. "निवडून यायचं मी कोणाले कबूल केलंच नव्हतं, साहेब," ती म्हणाली.

पोलिसाच्या नोकरीत धाडस पुष्कळ पाहायला मिळतं. बहुतेक धाडसाला समोर शत्रू लागतो, आणि ते संपलं की मागे कोणीतरी जखमी झालेलं असतं. या बाईनं कोणावर फिर्याद केली नाही, घर मोडलं नाही, भासऱ्यांचा मान ठेवला आणि आपला शब्दही ठेवला. असं धाडस करायला फार शहाणपण लागतं. मी आयुष्यभर कंबरेला पट्टा बांधून हिंडलो, पण त्या दिवशी तिच्या जागी असतो तर मला ते जमलं असतं की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.