रस्ता ओलांडून गेलेला कारागीर

वकिलीची सनद घेऊन मी धारहून देवासला आलो, तेव्हा ते दोन गाद्यांचे गाव होते: थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या आळीत तर रस्त्याची आमची बाजू थोरल्या पातीच्या राज्यात होती, समोरची धाकट्या.

माझा पहिला पक्षकार म्हणजे आमच्याच बाजूचा हलवाई. धापा टाकत आला. "वकीलसाब, म्हारो जलेबीवालो परराज में भाग गियो!"

"कुठे?"

त्याने खिडकीतून बोट दाखवले. समोरच्या ओट्यावर कारागीर स्वतःची कढई मांडून खुशाल जिलेब्या सोडत बसला होता. मी पाहतोय म्हटल्यावर झारा उंचावून त्याने रामरामही केला.

हलवायाने करारनामा पुढे केला. वर्षभर 'या राज्यात' दुसरीकडे काम करणार नाही, असा त्यावर कारागिराचा अंगठा. पण ते राज्य पंधरा पावलांवर संपत होते!

"धरून नाही आणता येणार?"

"चोर किंवा खुनी असता, तर एका दरबाराने दुसऱ्याला लिहिले असते. जिलेबी तळणे गुन्हा नाही."

"माझी गिऱ्हाइके नेली ना पण!"

"ती आपल्या पायांनी गेली."

तेवढ्यात समोरून हाक आली, "वकीलसाब, विहीर तुमच्या बाजूला आहे. पाणी भरायला आलो तर पकडतील काय?"

विरुद्ध पक्षाला सल्ला देऊ नये, हे मला ठाऊक होते. पण प्रश्न इतका झकास होता, की माझ्याच्याने राहवले नाही. "पाणी भरणे म्हणजे नोकरी नव्हे!" मी ओरडलो. हलवाई माझ्याकडे फितुराकडे पाहावे तसा पाहू लागला.

शेवटी मीच परराज्यात गेलो. कारागिराने गरम जिलेबी हातावर ठेवली. "भर गिऱ्हाइकांत मालक म्हणाले, आज पाक जाळलास. तुम्हीच सांगा, जळलाय?"

नव्हता. उत्तम होता. मी आणखी एक मागून खात्री करून घेतली.

परत येऊन सांगितले, तर हलवाई खाली मान घालून म्हणाला, "जळला नव्हता. सकाळी घरात भांडलो होतो, राग त्याच्यावर निघाला."

"हे त्याला सांगा."

"परराज्यात जाऊन?"

"रस्त्याच्या कडेपर्यंत तर आपलेच राज्य आहे."

तो कडेला उभा राहिला आणि चार लोकांदेखत ओरडला, "पाक जळला नव्हता!" कारागिराने मान वर केली नाही. कढईतला घाणा शांतपणे पुरा तळला, मग भट्टीतली लाकडे ओढली आणि माझ्याकडे आला. "लिहून द्या म्हणावं."

नव्या करारात मी कलम घातले: मालकाने गिऱ्हाइकांसमोर पाकाला नावे ठेवू नयेत.

"आणि एकट्यात?" हलवायाने काळजीने विचारले.

"एकट्यात सांगा की," कारागीर म्हणाला, "ऐकून घेईन."

तेही लिहिले. कढई निवल्यावर तिचा एक कान याने धरला, दुसरा त्याने, आणि "सावकाश, सावकाश" म्हणून एकमेकांवर ओरडत दोघे ती थोरल्या पातीत घेऊन आले.