काचेच्या नळीतल्या दोन पट्ट्या

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझं पोस्टिंग काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर होतं. ट्रेड, रेडिओ ऑपरेटर. सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्चावर सज्ज, सातला सेटची तपासणी, मग दर तासाला कॉल. सेट नवाकोरा होता आणि त्याची ऐट मलाच जास्त. हँडसेटच्या बटणात रीड स्विच होता. काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या. बटण दाबलं की आतलं लोहचुंबक जवळ येतं, पट्ट्या चिकटतात, आपलं बोलणं जातं. सोडलं की पट्ट्या सुटतात आणि पलीकडचं ऐकू येतं. दोन्ही एकदम होत नाही.

नाईक काशिनाथ अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला, मी शेजारच्या गिरीजचा, केळीच्या वाडीतला. इतक्या लांब गाववाला भेटला की तो भाऊच. त्या दिवशी आठला तो चार जवान आणि एक सेट घेऊन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, निघाला. जाताना त्याचा लाडका ट्रान्झिस्टर माझ्या हातात दिला.

"केलीवाल्या, सांभाल. पानी लागू देव नको."

"निघ रे. तुझ्यापेक्षा बरा सांभाळीन."

बंकरचं छत गळत होतं. कोरडी जागा एकच, टेबलावर हँडसेटला लागून. तिथे ठेवला.

परतीच्या वाटेला दोन फाटे होते. कुठल्या उताराचं बर्फ सुटायला आलंय, ते फक्त आमच्या पोस्टवरून दिसायचं. म्हणून फाट्यावर थांबून रेडिओवर विचारायचं, असा हुकूम होता. दोनचा कॉल झाल्यावर पोस्टच्या मेजरसाहेबांनी दुर्बीण लावली.

"लेफ्ट खराब है. पूछें तो राइट बोलना."

"येस सर."

मी कान लावून बसलो. सेट गप्प. अजून पोचले नसतील असं वाटलं. दोन पंचवीसला डोंगर गरजला. मी हँडसेट उचलला.

"टायगर टू, रिपोर्ट. ओव्हर."

तिसऱ्या कॉलला एका जवानाचा आवाज आला.

"नाईक साब दब गये. बीस मिनट पुकारते रहे, फिर लेफ्ट से निकले. आप सुन क्यों नहीं रहे थे? ओव्हर."

मी हँडसेट खाली ठेवला. सेटवर लाल दिवा लागला. उचलला, विझला. सकाळपासून मी त्याला सेट चालू असल्याचा दिवा समजत होतो; तो बटण दाबलेलं असल्याचा होता. तासाचे कॉल नीट झाले, कारण तेव्हा हँडसेट हातात असायचा. ट्रान्झिस्टर बंदच होता, पण त्याच्या स्पीकरमध्येही लोहचुंबक असतं. हँडसेट टेबलावर असेपर्यंत पट्ट्या चिकटून राहिल्या आणि माझा सेट बहिरा झाला.

चौघे परत आले. काशिनाथला आम्ही दुसऱ्या दिवशी काढलं. चौकशीत मी सगळं सांगितलं. उपकरणातला दोष, असं लिहिलं गेलं. मला ते कधी पटलं नाही. रेडिओ मेकॅनिक नसलो तरी ऑपरेटर मी होतो.

सुट्टीवर आलो तेव्हा अर्नाळ्याला गेलो. त्याची आई वलांडीवर, बांबूच्या आडव्या दांडीवर, बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता तिनं विचारलं,

"रेडिवर तूच व्हतास ना? माजा पोर शेवटाला काय बोल्ला?"

"मावशी, तो वाट विचारत होता. माझ्या चुकीनं ऐकू आलं नाही."

तिचे हात थांबले.

"हाका मारत व्हता?"

"हो."

"कोनाला?"

"मला, मावशी."