आर्डिथनं शेरीफला अडवलं

नॉयफेल्डच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत दोन दांडगी पोरं एकमेकांच्या उरावर बसली होती आणि शिक्षक मंडळी लांबूनच "अरे, अरे" करत होती, तेव्हा आर्डिथ फोल्क सुपाचा डाव हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं कुणावर डाव उगारला नाही की आवाज चढवला नाही. दोघांच्या डोक्याशी उभी राहून ती एवढंच म्हणाली, "सूप गार होतंय." पोरं उठली, चड्ड्या झटकल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी काउंटीचा शेरीफ, म्हणजे मतांवर निवडून येणारा पोलीसप्रमुख, डेलमर हाइन्ट्स रस्ता कसा ओलांडावा यावर भाषण द्यायला शाळेत आला होता. त्यानं हे सगळं पाहिलं. पुढच्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या मागच्या दारी टोपी हातात घेऊन हजर.

"आर्डिथ, डेप्युटी होतेस का माझी?"

"काय होऊ?"

"डेप्युटी. बिल्ला, गाडी, सगळं सरकारी. पगार इथल्यापेक्षा बरा. म्हणजे बरा नाही, पण इथल्यापेक्षा."

ही जागा वर्षभर रिकामी होती. आधीचा डेप्युटी पश्चिमेला तेलविहिरींवर टँकर चालवायला गेला होता, आणि त्याच्या जागी येण्यासारखा प्रत्येक तरुणही त्याच्यामागून तिकडेच गेला होता. काउंटीत उरले होते म्हातारे, गाई आणि वारा. पण आर्डिथला हे काही आठवलं नाही. तिला एवढंच वाटलं, की चाळिशीला टेकलेल्या आपल्यासारख्या बाईत या माणसाला धैर्य दिसलं. आपल्यात कुणाला काही दिसलंय, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

नवरा रोलिन ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता, तो ऐकून तिथूनच हसला. "तू? अगं, तू पिंजऱ्यातला उंदीर शेतात सोडून येतेस आणि तो तुझ्याआधी घरी पोचतो!"

सासूबाई एल्फ्रीडा हसल्या नाहीत. "बाईमाणसानं कमरेला पिस्तूल लावून चर्चमध्ये यायचं?"

"चर्चमध्ये नाही लावणार, आई."

"मग उपयोग काय त्याचा? सगळी भांडणं तिथंच होतात."

राजधानीतल्या प्रशिक्षणाला ती गेली ती वर्गातली सर्वांत मोठी म्हणून. मिसरूड फुटलेली पोरं तिला 'मम्मी' म्हणायची. धावण्यात ती कायम शेवटची. नेम बरा निघाला, ते तिचं तिलाच आवडलं नाही. एके दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यांत मिरचीचा फवारा मारला, दुसऱ्यावर मारताना काय वाटतं ते कळावं म्हणून. इतकी वर्षं पोतीच्या पोती कांदे चिरलेत, आपल्याला काय होतंय, अशा ऐटीत ती उभी राहिली. कांद्याची सवय काही उपयोगी पडली नाही. सगळ्यांत मोठ्यानं तीच ओरडली.

तरी ती पास झाली. कोर्टाच्या पायरीवर उजवा हात वर करून तिनं शपथ घेतली. डेलमरनं बिल्ला लावताना पिन आधी तिला टोचली, मग कापडाला. गणवेश पुरुषी मापाचाच होता. कमरेला ढगळ आणि बाकी सगळीकडे घट्ट. नोकरीला नाक मुरडणाऱ्या एल्फ्रीडाबाईंनीच रात्रीतून तो मशीनवर बेतून दिला. "नाहीतरी आता जाणारच आहेस, तर नीट दिसशील तरी," म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं पिस्तूल कमरेच्या पट्ट्यातच राहिलं. रस्त्यावर आलेल्या गाई हाकलणं, कुणाच्या घटस्फोटाचे कागद त्याच्या हाती देणं (आणि वर त्यानं केलेली कॉफी पिणं), हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारं वाजवून कोण जिवंत आहे ते पाहणं, हे तिचं काम. मेलेलं माणूस पहिल्यांदा तिला सापडलं तेव्हा ती त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसून राहिली, गाडी येईपर्यंत. एकटं सोडून बाहेर थांबावं असं काही तिला सुचलं नाही.

डेलमर तिला कायदा शिकवायचा. उंच, पोट सुटलेला, पांढऱ्या मिशीचा माणूस. पाच वेळा निवडून आलेला. "कायद्याला नातं नसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दर भाषणात ते यायचं, आणि ऐकणारे बहुतेक त्याचे चुलतभाऊ असायचे.

मग त्या उन्हाळ्यात श्टाइनर घराण्यातलं लग्न आलं. आमच्याकडच्या लग्नात जळक्या साखरेची लाल दारू असते. नवरदेवाचे काका बाटली घेऊन रांगेतून फिरतात आणि नाही म्हणणं हा नवरीचा अपमान समजतात. आदल्या वर्षी अशाच एका लग्नाहून परतताना एक तरुण जोडपं गाडीसकट खड्ड्यात जाऊन संपलं होतं. म्हणून डेलमरनं आदल्या दिवशीच आर्डिथला सांगून ठेवलं, "जेवणं आटोपली की धान्याच्या कोठाराजवळच्या वळणावर उभी राहा. ज्याची गाडी वाकडी चालेल त्याला थांबवायचं. माझा बाप थडग्यातून उठून आला तरी सोडायचं नाही."

दुपार कलली होती, ऊन मात्र रणरणतं होतं. आर्डिथनं तीन गाड्या थांबवल्या, तिन्ही बायका चालवत होत्या आणि नवरे मागे घोरत होते. चौथी पिकअप लांबूनच रस्त्याच्या दोन्ही कडा मोजत आली. तिनं गाडीवरचा दिवा लावला. पिकअप थांबली, म्हणजे कुंपणाच्या खांबाला टेकली.

आत डेलमर. मांडीवर फळांच्या केकचं ताट, मिशीला साखर.

"वा!" तो खूश होऊन म्हणाला. "गाडी तिरकी लावलीस, बरोबर. दाराच्या मागे उभी राहिलीस, तेही बरोबर. आता लायसन्स माग."

"शेरीफ, लायसन्स द्या."

"आवाज जरा चढव. शाळेत सूप वाढतेयस असं वाटतं." त्यानं पाकिटातून लायसन्स काढलं, ते केकमध्ये पडलं.

आर्डिथला त्याच्या तोंडाचा वास दारापर्यंत येत होता. "शेरीफ, खाली उतरा."

तो उतरला. त्याला वाटलं, सराव चाललाय. तिनं रेघेवरून चालायला सांगितलं तर म्हणाला, "टाच बोटाला लावून, हे सांगायला विसरलीस," आणि टाच बोटाला लावायला गेला तो थेट कोठाराच्या दिशेनं निघाला. एका पायावर उभं राहायला सांगितलं तर तिच्याच खांद्याला धरून उभा राहिला. यंत्रात फुंकर मारायला लावली. आर्डिथनं आकडा पाहिला. तिनं यंत्र झटकलं, जणू तेच प्यायलं होतं.

"किती?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं.

"बापरे. पकडलंच पाहिजे अशा माणसाला," डेलमर म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

तेवढ्यात मागून दोन गाड्या आल्या. पाहुणे काचा खाली करून बघू लागले. आर्डिथच्या मनात आलं, यांना गाडीत बसवावं, घरी सोडावं, केकही नीट पोचवावा. कुणी एक शब्द बोललं नसतं. पण आधीच्या वर्षी खड्ड्यातून त्या दोघांना वर काढताना तीही तिथं होती.

"पाठ फिरवा, शेरीफ."

"आर्डिथ."

"पाठ फिरवा."

त्यानं फिरवली. तिचे हात इतके थरथरत होते की बेडी लागेना. शेवटी तोच खालच्या आवाजात म्हणाला, "उलटी धरलीयस. हं. आता किल्लीनं कुलूप पक्कं कर, नाहीतर आवळत जाते." तिनं केलं. केकचं ताट तिनं पुढच्या सीटवर ठेवलं.

त्याला मागच्या सीटवर बसवून ती गावाकडे निघाली. पाण्याची टाकी दिसल्यावर म्हणाला, "तुला का घेतलं माहितेय?"

"सुपाच्या दिवशी तुम्ही पाहिलंत म्हणून."

"छे. मला वाटलं, ही भली बाई आहे, कुणाला दुखवणार नाही. मला शांत माणूस हवा होता." आणि वर म्हणाला, "चांगलाच फसलो."

आर्डिथनं आरशात पाहिलं नाही. त्याला पकडताना तिला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. दोन वर्षं ती ज्या कौतुकावर जगत होती ते कौतुक नव्हतंच. ऑफिसात वायरलेसवर बसणाऱ्या लव्हॉननं बेड्यांतला शेरीफ आणि रडणारी डेप्युटी आत येताना पाहून विचारलं, "यातल्या कुणाला कोठडीत टाकायचंय?"

गाव चिडलं, पण डेलमरवर नाही. चर्चमध्ये फोल्क कुटुंबाच्या बाकावर दुसरं कुणी बसेना. दुकानात बायका तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "घरी सोडून यायला काय झालं होतं?" रोलिनकडे दुरुस्तीला येणारे ट्रॅक्टर शेजारच्या गावी जाऊ लागले. रोलिन एक दिवस जेवताना म्हणाला, "उंदीर सोडून द्यायचीस, माणूस नाही सोडता आला?"

"उंदीर गाडी चालवत नाही," आर्डिथ म्हणाली.

यावर एल्फ्रीडाबाई हसल्या, आणि त्या घरात तो विषय तिथंच संपला. पुढच्या रविवारी बाई सुनेच्या हाताला धरून चर्चच्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. कुणी वळून पाहिलं की त्याही वळून पाहायच्या, आणि बाईंची नजर जास्त टिकायची.

डेलमरनं कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड भरला. तीन महिने लायसन्स गेलं. त्याला पदावरून काढतील अशी हवा होती, पण राजधानीत कुणाला एवढ्या लांबची उठाठेव करायची नव्हती. पंचाईत एवढीच, की शेरीफला गाडी चालवता येईना आणि निवडणूक तोंडावर. दुसरा डेप्युटी पाठदुखीनं घरी. मग शेरीफला काउंटीभर फिरवायचं कुणी?

आर्डिथनं.

सुरुवातीचे दिवस दोघं एकमेकांशी हवामानाबद्दलही बोलले नाहीत. डेलमर मागेच बसायचा, सवय झाल्यासारखा. मग एका गुरांच्या बाजारात त्याचा विरोधक, खतं विकणारा व्हर्लिन शात्झ, सगळ्यांसमोर ओरडला, "दारुडा शेरीफ पाहिजे का तुम्हाला?" डेलमर गवताच्या गठ्ठ्यावर चढला. टोपी काढली. "मी चुकलो," म्हणाला. "पण एक सांगा. या व्हर्लिननं कधी असा माणूस नोकरीला ठेवलाय का, जो मालकालाच पकडेल? मी ठेवलाय. ही बघा, ती उभी आहे. कायद्याला नातं नसतं!"

टाळ्या पडल्या. आर्डिथला गुरांच्या गोठ्यात तोंड लपवावंसं वाटलं. परतताना ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणालात की फसलात."

"फसलोच होतो. पण आता लोकांना आवडतंय, तर मला काय करायचंय?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या दिवसापासून घेतलेली नाही मी. हे मात्र भाषणात सांगायचं नाही."

डेलमर सहाव्यांदा निवडून आला, आधीच्या पाचही वेळांपेक्षा जास्त मतांनी. आर्डिथला त्यानं मुख्य डेप्युटी केलं. डेप्युटी दोनच, त्यातला एक पाठदुखीवाला, पण बिल्ल्यावर तसं कोरून आलं. चर्चमधला बाक पुन्हा भरला, ट्रॅक्टर परत आले. भेटेल तो तिचा खांदा थोपटू लागला.

तिला आधी ते बरं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं, की लोक थोपटताना डोळाही मारतात. सगळ्या काउंटीची खात्री पटली होती, की तो प्रकार दोघांनी मिळून बसवलेला होता, मतांसाठी. केकचं ताटसुद्धा मुद्दाम मांडीवर ठेवलं होतं म्हणे. तिनं दुकानात, पोस्टात, शाळेच्या मैदानावर लोकांना कळवळून सांगितलं की तसं काही नव्हतं, माझे हात थरथरत होते, मी रडले होते. लोक म्हणायचे, "अगदी खरं वाटलं हो!"

पुढच्या वसंतात तिनं त्याच वळणावर एक भरधाव गाडी थांबवली. आत चर्चचे फादर.

फादरनी काच खाली केली, इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "या खेपेला निवडणुकीला कोण उभं राहतंय, आर्डिथ? तू का?"

"लायसन्स द्या, फादर," आर्डिथ म्हणाली. आवाज जरा चढवूनच.