खुरप्याची मूठ

म्हसावदच्या धनुबाईची बोटं संधिवातानं आखडली आणि मिरची निंदताना खुरपं तिच्या हातातून सुटू लागलं. हात वाळला म्हणून तिच्या नवऱ्यानं, गिरधरनं, लाकडी मूठ तासून बारीक केली. पण आखडलेली बोटं तेवढ्या बारीक मुठीवर मिटेचनात. मग त्यानं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तीच मूठ जाड केली.

“आते बसनी का व हातमा?”

“बसनी.”

धनुबाई हरखून सरीत बसली. मूठ घट्ट होती, पण अर्धी सरी होण्याआधीच मनगट लुळं पडलं. गिरधरनं पुन्हा ट्यूबचा तुकडा हातात घेतला.

“आते काय मुसळ करतस तिन्हं? जोरच ऱ्हायना नही मन्हा हातमा.”

तो मुठीवर आणखी एक वेढा देत राहिला.